सिट्रोनेलाचा वास आणि फळमाशीचा माग

भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या सेक्टरांमध्ये क्वार्टरच्या परसात पेरूचे किंवा आंब्याचे झाड असणे ही नित्याची गोष्ट आहे. छत्तीसगडीत पेरूला बिही म्हणतात. विदर्भातून तेथे नोकरीसाठी गेलेली मराठी कुटुंबे त्याला जांब म्हणतात. नाव कोणतेही घेतले, तरी ऐन पावसाळ्यात झाडावर पिकलेले फळ कापताना सुरी जरा जपूनच चालते. वरून निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या गरात पांढुरक्या अळ्या वळवळत असण्याचा संभव मोठा असतो. घरातील वडीलधारे तेवढा भाग काढून टाकतात, उरलेल्या फोडींवर तिखट-मीठ भुरभुरतात आणि विषय तेथेच संपतो.

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रेडलँड्स नावाच्या गावी याच माशीवरून वेगळा प्रसंग घडला. राज्याच्या कृषी खात्याने दोन हजारांहून अधिक घरांच्या आवारातील लिंबू-संत्र्याच्या झाडांवरील फळे उतरवून नेण्याचे जाहीर केले आणि खात्याच्या तुकड्या अंगणोअंगणी फिरू लागल्या. घरमालकाची संमती हा प्रश्न नव्हता. कायद्याने खात्याला तसा अधिकार आहे. कारण इतकेच, की त्या परिसरातील सापळ्यांत आणि फळांत ‘ओरिएंटल फ्रूट फ्लाय’ आढळली होती. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. भिलाईच्या पेरूत आणि कोकणच्या हापुसात अळ्या घालणाऱ्या माश्यांतील प्रमुख जात तीच.

एकाच कीटकाविषयी दोन देशांची वागणूक इतकी निराळी का, याचे उत्तर कीटकशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते. त्या इतिहासाचा पहिला धागा बिहारमधील एका खेड्यात आहे.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. प्रयोगशाळेतील आनुवंशिकीच्या प्रयोगांमुळे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ‘फ्रूट फ्लाय’ म्हटले की ड्रॉसोफिला आठवते. ती जास्त पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी चिलटाएवढी माशी. सडू लागलेल्या फळावरील किण्व हे तिचे अन्न, आणि तिच्या बहुतेक जाती बागाईतदाराला निरुपद्रवी. येथे जिची कथा आहे ती फळमाशी टेफ्रिटिडी या निराळ्या कुळातील. आकाराने घरमाशीएवढी, पिवळसर-तपकिरी अंगाची, पारदर्शक पंखांची. मादीच्या पोटाच्या टोकाला अणकुचीदार नळी असते. ती झाडावरच्या धडधाकट, पिकू लागलेल्या फळाच्या सालीत खुपसून मादी आत अंडी घालते. कोकणात यालाच माशीने डंख मारला म्हणतात. अळ्या गर खाऊन वाढतात, फळ गळते, अळ्या बाहेर पडून मातीत कोषात जातात आणि उष्ण हवेत तीनेक आठवड्यांत नवी पिढी उडू लागते. एक मादी अनुकूल स्थितीत आयुष्यभरात हजारावर अंडी घालू शकते. आंबा, पेरू, चिकू, पपई, लिंबूवर्गीय फळे अशी तीनशेहून अधिक वनस्पतींची फळे तिला चालतात. (हापूस कापल्यावर आत दिसणारा पांढरट, रबरासारखा भाग म्हणजे ‘साका’, ती फळाच्या शरीरक्रियेतील विकृती आहे. तिचा दोष माशीवर टाकणारे पुष्कळ भेटतात, तो अन्याय आहे.)

आता पुसा. तत्कालीन दरभंगा जिल्ह्यातील या गावी १९०५ मध्ये, हेन्री फिप्स या अमेरिकी दात्याच्या देणगीच्या आधारे, शेती संशोधनाची मध्यवर्ती संस्था उभी राहिली. १९३४ च्या भूकंपात तिची इमारत कोसळली आणि दोन वर्षांनी संस्था दिल्लीस हलली. दिल्लीतील ‘पुसा’ हे नाव त्या गावाचे. मूळच्या पुसा येथे हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय यांच्या हाताखाली फ्रँक मिलबर्न हॉवलेट हे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करीत. लेफ्रॉय यांच्या १९०९ च्या ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ या ग्रंथाच्या सिद्धतेत हॉवलेट यांचा हात होता. त्यांचा स्वतःचा ओढा डास आणि रक्तशोषक माश्यांकडे. म्हणजे फळमाशी हा त्यांचा मुख्य विषय नव्हता. तो शेजारधर्माने त्यांच्याकडे चालत आला.

पुसा येथील एका परिचिताने डास दूर राहावेत म्हणून सिट्रोनेलाचे तेल वापरले. सिट्रोनेला हे आपल्या गवती चहाच्या कुळातील गवत. त्याचे उग्र वासाचे तेल आजही डास पळवणाऱ्या मलमांत असते. डासांचे काय झाले ते असो, पण तेलावर माश्यांची झुंबड उडाली. हॉवलेट यांनी त्या माश्या पाहिल्या तेव्हा त्या फळमाश्या निघाल्या, आणि त्याहून विशेष म्हणजे सगळ्या नर निघाल्या. फळावर अंडी घालायला मादी येते; मग फळाशी काहीही संबंध नसलेल्या तेलावर केवळ नरच का यावेत? या तेलाचा फळमाश्यांच्या दोन जातींवर होणारा परिणाम त्यांनी १९१२ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात मांडला. पुढील तीन वर्षे त्यांनी तेलातील घटकद्रव्ये एकेक करून माश्यांपुढे ठेवली. १९१५ च्या निबंधात त्यांनी खरा आकर्षक घटक ओळखल्याचे जाहीर केले. तो म्हणजे मिथिल युजेनॉल.

लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो, त्याच्याच रेणूत किंचित फेरफार झाला की मिथिल युजेनॉल होते. मानवी नाकाला दोन्हींत थोडाच फरक जाणवेल. या माशीच्या नराला तो जमीन-अस्मानाएवढा आहे. नर त्यावर येतात, चाटून पोट भरतात आणि हाकलले तरी हलत नाहीत. एखाद्या शुद्ध रासायनिक द्रव्याने एका विशिष्ट जातीच्या, एकाच लिंगाच्या कीटकांना असे ओढून आणल्याचे हे जगातील अगदी आरंभीच्या उदाहरणांपैकी एक आहे. कीटकांचा पहिला कामगंध, रेशमाच्या पतंगाचा, रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागला तो १९५९ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी.

नर का येतात, याचा हॉवलेट यांनी बांधलेला तर्क असा होता, की हा वास मादीच्या वासासारखा असावा. तर्क सयुक्तिक होता, पण उलटा निघाला. १९८८ मध्ये निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की नराने खाल्लेले मिथिल युजेनॉल त्याच्या शरीरात बदलते आणि गुदग्रंथीत साठते. संध्याकाळच्या मीलनवेळी नर तेच हवेत सोडतो. पुढे १९९० च्या दशकात हवाईतील प्रयोगांत असे आढळले, की हे द्रव्य खाल्लेल्या नरांना मादी अधिक सहज वरतात. अत्तर नराचेच, तो ते वनस्पतीकडून उसने घेतो. मराठी शेतकरी या सापळ्याला सरसकट ‘कामगंध सापळा’ म्हणतो. काटेकोर शास्त्रानुसार ते चूक आहे, कारण आतले द्रव्य कीटकाने निर्माण केलेले नसते. परंतु ही चूक सत्याच्या बरीच जवळची आहे.

हॉवलेट यांना यातील काही कळायचे नव्हते. १९२० मध्ये मसुरी येथे, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचा शोध ग्रंथालयात राहिला. त्यातून सापळा करावा ही निकड त्या काळात कोणाला भासली नाही, आणि त्यात आश्चर्यही नाही. हापूस तेव्हा मुख्यतः देशातच खपत होता, आणि अळी लागलेला आंबा हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग समजला जात होता.

निकड भासली ती हवाई बेटांवर. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील लष्करी वाहतुकीबरोबर, १९४५ च्या सुमारास, ही माशी तेथे पोहोचली आणि काही थोड्या वर्षांत बेटांवरील फळबागांची दैना झाली. अमेरिकी मुख्य भूमीवर ती उतरली तर काय होईल, या धास्तीने संशोधनास पैसा मिळाला. लोरेन स्टायनर यांनी हॉवलेट यांचे मिथिल युजेनॉल पुन्हा हाती घेतले आणि १९५२ मध्ये त्याची ताकद सविस्तर मांडली. पुढचे पाऊल धाडसाचे होते. पॅसिफिकमधील रोटा हे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे बेट निवडले गेले. उसाच्या चोथ्यापासून केलेल्या पुठ्ठ्याचे लहान चौकोन ९७ टक्के मिथिल युजेनॉल आणि ३ टक्के नॅलेड या कीटकनाशकाच्या मिश्रणात भिजवून विमानातून बेटावर पुन्हा पुन्हा टाकण्यात आले. नर वासाने यायचे, चाटायचे आणि मरायचे. १९६३ पर्यंत रोटावर ही माशी उरली नाही. या पद्धतीला ‘नर-निर्मूलन’ असे नाव पडले.

येथे थोडे गणित आवश्यक आहे, कारण भारतातील बहुतेक निराशा या गणिताकडे दुर्लक्ष झाल्याने आलेली आहे. समजा, एका बागेत हजार नर आणि हजार माद्या आहेत, आणि प्रत्येक नर आयुष्यात दहा माद्यांशी मीलन करू शकतो. सापळ्यांनी नऊशे नर मारले. उरलेले शंभर नर सर्व माद्यांना पुरतात. म्हणजे नव्वद टक्के यश मिळूनही पुढच्या पिढीच्या संख्येत फारसा फरक पडणार नाही. सापळा मात्र मेलेल्या माश्यांनी गच्च भरलेला दिसतो आणि पाहणाऱ्यास समाधान देतो. नर-निर्मूलनाला फळ येते ते अगदी शेवटच्या काही टक्क्यांत, आणि तिथवर पोहोचण्यासाठी बाहेरून नवे नर-मादी येऊ नयेत ही पूर्वअट आहे. रोटाच्या चारही बाजूंस समुद्र होता. रत्नागिरीतील एका बागेच्या चारही बाजूंस दुसऱ्यांच्या बागा आहेत.

म्हणून एकच सापळा दोन ठिकाणी दोन निराळी कामे करतो. जेथे माशी नाही, तेथे तो पहारेकरी आहे. त्यात पडलेल्या काही थोड्या माश्या म्हणजे धोक्याची घंटा. जेथे माशी पिढ्यान्‌पिढ्या आहे, तेथे तो मोजमापाचे साधन आहे आणि नियंत्रणाचे अपुरे हत्यार आहे.

पहारेकरी तरी किती विश्वासू? मापनशास्त्र शिकलेल्या कोणासही हा प्रश्न ओळखीचा वाटेल: उपकरणाने शून्य दाखवले याचा अर्थ राशी शून्य आहे, की उपकरणाच्या टिपणक्षमतेखाली आहे? कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकापासून ही माशी जवळजवळ दरवर्षी सापडते, मोहीम होते, सापळे शून्यावर येतात, निर्मूलन झाल्याचे घोषित होते आणि पुन्हा सापडते. सरकारी भूमिका अशी, की दर वेळी ती प्रवाशांच्या फळांतून नव्याने येते. कीटकशास्त्रज्ञ जेम्स कॅरी यांनी भूमध्य फळमाशीच्या संदर्भात १९९१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आणि पुढे २०१३ मध्ये सहकाऱ्यांसह अनेक जातींच्या नोंदी तपासून उलट मत मांडले. सापडण्याच्या जागा आणि काळ यांत पुनरावृत्ती आहे. यावरून माशी तेथे केव्हाच स्थायिक झालेली असून बहुतेक काळ सापळ्यांच्या नजरेआड राहते, असे ते मत. ते मान्य झाले तर निर्यातदार राज्य म्हणून कॅलिफोर्नियाची मोठी अडचण होईल; तेव्हा हा वाद निव्वळ संख्याशास्त्राचा राहिलेला नाही. रेडलँड्सच्या अंगणांतील फळे उतरवण्यामागे ही धास्ती होती. सापळा नर टिपतो. फळातली अळी त्याला दिसत नाही. मग फळच काढून घ्यायचे.

चांगला वासच हाताशी नसेल तर काय होते, याचेही उदाहरण त्याच राज्यात आहे. बॅक्ट्रोसेरा याच प्रजातीतील ऑलिव्ह फळमाशी १९९८ मध्ये लॉस एंजेलिस शहरात आढळली. तेथे रस्त्याकडेला आणि बंगल्यांच्या आवारात शोभेसाठी लावलेली ऑलिव्हची झाडे हजारोंनी आहेत. त्यांची फळे कोणी तोडीत नाही, ती पदपथावर गळून पडतात. या माशीचा नर मिथिल युजेनॉलला भुलत नाही. तिच्यासाठी अमोनियाचा वास किंवा तिच्याच जातीच्या मादीचा कामगंध वापरावा लागतो, आणि या दोन्हींची ओढ तुलनेने दुबळी आहे. काही वर्षांतच ती राज्यभर पसरली आणि निर्मूलनाचा विचार सोडून द्यावा लागला. व्यावसायिक बागांतील शेतकरी आता फवारणी करतात. शहरातील बेवारस झाडे माशीला वर्षभर आसरा देतात.

आपल्या कथेतील माशीने दरम्यान आणखी एक खंड गाठला होता. २००३ मध्ये केनियात एक अनोळखी फळमाशी आढळली. दोन वर्षांनी तिला नवी जात ठरवून ‘बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स’ असे नाव देण्यात आले. नावातच ‘आक्रमक’ असा अर्थ. आफ्रिकेच्या मोठ्या भागात ती वणव्यासारखी पसरली आणि अनेक देशांच्या आंबा निर्यातीवर गदा आली. तिचे मूळ शोधताना तिच्यासारखे नमुने श्रीलंकेत मिळाले. पुढे शरीररचना, जनुके, मीलन आणि नरांचा गंध अशा सर्व कसोट्या लावून २०१५ मध्ये निष्कर्ष निघाला, की ही वेगळी जात नाहीच. ही आपली डॉर्सालिस. दहा वर्षे जिला नवा शत्रू म्हणून ओळखले जात होते, ती भारतीय उपखंडात घरोघरच्या पेरूत राहणारी जुनी माशी होती.

जगाच्या या भीतीची झळ भारताला बसली ती निर्यातीच्या दारावर. जपानने भारतीय आंब्याला सुमारे वीस वर्षे दार बंद ठेवले. ते २००६ मध्ये उघडले, तेही आंबा बाष्प-उष्णता प्रक्रियेतून जाईल या अटीवर. गरम, दमट हवेत फळाच्या आतील तापमान ४७.५ अंश सेल्सिअसपर्यंत नेऊन ते वीस मिनिटे तेथेच राखायचे, म्हणजे अंडी आणि अळ्या मरतात आणि फळ मात्र कसेबसे तगते. अमेरिकेने एप्रिल २००७ पासून आंबा घेण्यास सुरुवात केली ती किरणनाच्या अटीवर. ते काम नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्यासाठी उभारलेल्या ‘कृषक’ या केंद्रात झाले.

या किरणनाविषयी लोकांच्या मनात अकारण धास्ती असते, म्हणून एक आकडेमोड. ठरलेली मात्रा ४०० ग्रे आहे. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. चारशे ज्यूलने एक किलो आंब्याचे तापमान वाढेल ते फार तर एक दशांश अंश सेल्सिअस. गॅमा किरण आंब्याला शिजवत नाहीत, किरणोत्सारीही करीत नाहीत. ते अळीच्या विभाजन पावणाऱ्या पेशींतील डीएनए तोडतात. अळी लगेच मरतेच असे नाही, पण तिची प्रजननक्षम माशी होत नाही. यातून एक मजेदार पेच निर्माण झाला. किरणन केलेल्या आंब्यात तपासनिसाला जिवंत अळी दिसू शकते, आणि तरीही तो आंबा नियमाने पास होतो. डोळ्याने दिसणाऱ्या पुराव्यापेक्षा मात्रेच्या नोंदीवर विश्वास ठेवायला तपासनिसांना शिकावे लागले.

हेच भौतिकशास्त्र उलट्या दिशेनेही वापरता येते. क्ष-किरणांनी ड्रॉसोफिलात उत्परिवर्तने घडवता येतात हे हर्मन म्यूलर यांनी १९२७ मध्ये दाखवले होते. त्यावरून पुढे किरणनाने वांझ केलेले नर अफाट संख्येने सोडून कीटकाची वंशवृद्धी रोखण्याची कल्पना निघाली. जपानने ओकिनावा बेटांवर काकडी-कारल्यावरील फळमाशीविरुद्ध ती राबवली. ही माशीसुद्धा मूळची आपल्याच उपखंडातील, आणि तिच्या नरांसाठीचे आकर्षक द्रव्य तेवढे प्रबळ नाही. १९७२ ते १९९३ या काळात सुमारे ५,३०० कोटी वांझ माश्या सोडल्यावर बेटे मुक्त झाली. एवढा खटाटोप भारतात का होत नाही, असे विचारले जाते. उत्तर पुन्हा समुद्राचे आहे. भारतात माशीला मोकळे, अखंड रान आहे आणि तिचे यजमान वृक्ष जंगलापासून रेल्वेच्या कडेपर्यंत पसरलेले आहेत.

सर्वांत मोठा धक्का २०१४ चा. युरोपीय संघाने १ मेपासून भारतीय आंब्यावर आणि त्यासोबत अळू, कारले, वांगी व पडवळ यांवर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ मालखेपांत फळमाश्या व इतर किडी आढळल्याचे कारण दिले गेले. तारखेकडे पाहावे: हापूसचा हंगाम ऐन भरात असतानाची ती तारीख आहे. देवगड-रत्नागिरीचा निर्यातीसाठी निवडलेला माल मुंबईच्या बाजारात वळला. प्रक्रिया आणि तपासणीची व्यवस्था कडक केल्यावर आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. मात्र बंदीमागची तक्रार खोटी होती असे म्हणता येत नाही. अळी होती. ती नेहमीच होती. फक्त ती तिखट-मिठाने मिटणारी बाब राहिली नव्हती.

त्यानंतर कोकणात ‘रक्षक’ सापळ्याला महत्त्व आले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तो विकसित केलेला. आत हॉवलेट यांचेच मिथिल युजेनॉल. जाणते बागाईतदार तो एकटा पुरेसा मानत नाहीत आणि ते बरोबर आहे. आंबा चौदा आणे तयार झाला की नूतन झेल्याने देठासह उतरवणे, झाडावर पिकू न देणे, मे महिन्यातील वळवाच्या सरींआधी शक्य तितका माल काढून घेणे, मादीसाठी गुळाचे किंवा प्रथिनांचे विषारी आमिष ठेवणे, आणि गळलेले प्रत्येक फळ गोळा करून खोल पुरणे या सर्वांचा मिळून परिणाम होतो. यातील शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत परिणामकारक आहे. उथळ पुरलेल्या फळातून निघालेली माशी मातीतून वर येते. म्हणून खड्डा दोन-तीन फुटांचा हवा.

आणि येथे भिलाईचा पेरू पुन्हा कथेत येतो. बागाईतदाराला गळलेले फळ उचलण्याचे कारण आहे. शहरातील झाडाला असा धनी नसतो. क्वार्टर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते, झाड तेथेच राहते. हाताला लागतील ती फळे खाल्ली जातात, शेंड्याकडची पोपटांना आणि माशीला. आंबा संपला की पेरू, पेरूनंतर बोर, मधल्या काळात सीताफळ किंवा पपई अशी माशीची वर्षभराची सोय एकाच गल्लीत होते. रस्त्याकडेचा फुललेला बहावादेखील तिच्या उपयोगी पडतो. त्याच्या फुलांत मिथिल युजेनॉल असल्याचे १९६८ मध्येच सिद्ध झाले आहे. फळमाशीवरील भारतीय संशोधनाचा फार मोठा भाग बागांविषयी आहे. शहरांतील झाडे तिच्या संख्येत किती भर घालतात, हा प्रश्न सापळे आणि वही घेऊन बसणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे, आणि त्याला महागडे उपकरण लागत नाही.

सापळ्याचे द्रव्य विकत न घेताही आरंभ करता येतो. तुळशीच्या अनेक वाणांत मिथिल युजेनॉल पुरेसे असते. पावसाळ्यात पेरू पिकू लागले, की सकाळी मूठभर पाने चुरडून, बाजूंना भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावीत आणि बाटली पेरूच्या फांदीला टांगावी. तासाभरात पिवळसर-तपकिरी माश्या येऊ लागल्या, तर एकेक भिंगाखाली पाहावी. पोटाच्या टोकाशी अणकुचीदार नळी दिसणार नाही. आलेल्या सगळ्या माश्या नर असतील, पुसा येथे तेलावर जमल्या होत्या तशाच.